वाचक विचारतात: एकच माणूस रोज रोज कसा जिंकतो?

मागच्या अंकात अमेरिकेतल्या जेपर्डी या क्विझ शोबद्दल लिहिताना केन जेनिंग्जच्या सलग ७४ विजयांचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर बरीच पत्रं आली, त्यातली काही इथे घेतेय.

ताई, आपल्याकडे केबीसीत माणूस एकदा हॉट सीटवर बसतो, जिंकतो किंवा हरतो, विषय संपला. मुलीकडे न्यू जर्सीला गेलो होतो तिथे रोज संध्याकाळी हा शो लागायचा आणि रोज तोच माणूस उभा! हे कसं काय? – एक वाचक, ठाणे

काका, तिथला नियमच तसा आहे. केबीसीत तुमची लढत प्रश्नाशी असते, २०१९ मध्ये अमरावतीकडच्या बबिताताई ताडे एक कोटी जिंकल्या आणि तिथे त्यांचा खेळ पूर्ण झाला, पुढच्या स्पर्धकाशी त्यांचा काही संबंध नाही. जेपर्डीत तिघं एकमेकांशी खेळतात, जो पहिला येतो त्याने कमावलेले पैसे त्याचे, आणि दुसऱ्या दिवशी तोच दोन नव्या लोकांसमोर उभा राहतो. हरेपर्यंत.

पण हे "हरेपर्यंत" नंतर आलं बरं का. आधी पाच दिवस जिंकलात की तुम्हाला हसतमुखाने घरी पाठवायचे, हरला नसलात तरी. ब्रॅड रटर २००० साली असाच पाच विजय मिळवून न हरता बाहेर पडला. ही मर्यादा २००३ मध्ये काढली आणि पुढच्याच वर्षी सॉल्ट लेक सिटीचा एक सॉफ्टवेअर इंजिनिअर आला, केन जेनिंग्ज. ७४ विजय, २५ लाख २० हजार ७०० डॉलर. त्याच्यानंतर सगळ्यात लांब पल्ला एमी श्नायडरचा, ४० विजय, मग मॅट अमोडियो ३८, आणि जेम्स होल्झहाउअर ३२. म्हणजे मधे वीसेक वर्षं गेली तरी केनच्या जवळपासही कुणी पोचलं नाही.

आणि गंमत बघा, केन पहिल्याच दिवशी गेला असता. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर होतं धावपटू मॅरियन जोन्स, याने लिहिलं नुसतं "जोन्स". आडनाव एवढं कॉमन की परीक्षकांनी नाही म्हटलं असतं तरी कुणी हरकत घेतली नसती. त्यांनी चालवून घेतलं. मला हा किस्सा फार आवडतो, कारण एवढ्या मोठ्या रेकॉर्डच्या मुळाशी परीक्षकांचा एक क्षणाचा निर्णय आहे.

हे सगळं फिक्स असणार. चॅनेलला टीआरपी मिळतोय म्हटल्यावर त्याला सोपे प्रश्न देत असतील. – एक वाचक, सांगली

शंका अगदी रास्त आहे, कारण अमेरिकेत हे खरंच झालेलं आहे. १९५० च्या दशकात ट्वेंटी-वन नावाच्या शोमध्ये चार्ल्स व्हॅन डोरेनला आधीच उत्तरं पुरवली जायची, त्याच्या आधीच्या चॅम्पियनला मुद्दाम हरायला लावलं होतं, प्रकरण थेट अमेरिकेच्या संसदेच्या, म्हणजे तिथल्या काँग्रेसच्या, चौकशीपर्यंत गेलं आणि १९६० मध्ये कायदाच करून क्विझ शोमध्ये हेराफेरी करणं गुन्हा ठरवला. जेपर्डीचा जन्मही त्याच बदनामीतून झालाय. मर्व ग्रिफिन नवा शो शोधत होता पण क्विझचं नाव काढलं की सगळे दचकायचे, तेव्हा त्याची बायको ज्युलान म्हणाली की मग उत्तरंच देऊन टाका ना, लोकांना प्रश्न विचारू देत. म्हणून तिथे स्पर्धक "हू इज" किंवा "व्हॉट इज" म्हणत उत्तर देतात. १९६४ मध्ये शो सुरू झाला.

तर फिक्सिंग नाही, पण जुन्या चॅम्पियनला फायदा मात्र असतो आणि तो बझरचा असतो, म्हणजे उत्तर द्यायला सगळ्यांच्या आधी दाबायच्या बटणाचा. निवेदकाचं वाचन पूर्ण झालं की पडद्यामागचा एक माणूस बझर चालू करतो, प्रश्नांच्या बोर्डाच्या बाजूचे दिवे लागतात, आणि त्याच्या आधी बटण दाबलंत तर पाव सेकंद तुमचा बझर बंद. पाव सेकंद म्हणजे तिथे प्रश्न गेलाच. उत्तर तिघांनाही येत असतं हो बऱ्याचदा! मग ज्याचा हात त्या लयीत बसलाय तो बोलतो, आणि लय कुणाची बसणार, तर जो आज सकाळपासून तिथेच उभा आहे त्याची. केनच्या वेळी हे इतकं जाणवायला लागलं की नव्या स्पर्धकांना बझरचा सराव जास्त वेळ द्यायला सुरुवात झाली. २०११ मध्ये आयबीएमच्या वॉटसन कॉम्प्युटरने केन आणि ब्रॅड दोघांना हरवलं तेव्हाही त्याच्या बटण दाबण्याच्या वेगाची चर्चा ज्ञानाइतकीच झाली होती.

एवढे महिने नोकरीवर रजा कशी मिळते? – एक वाचक, पुणे

सलग महिने नाही लागत. एका दिवसात पाच भाग शूट करतात, म्हणजे ७४ विजय साधारण पंधरा दिवसांचं शूटिंग. मधे फक्त जॅकेट बदलायचं, म्हणजे दुसरा दिवस वाटतो. पण पाच खेळ एका दिवसात, त्यातही दर वेळी समोरचे दोघं ताजेतवाने, मला तर ही दमणूकच सगळ्यात कठीण वाटते. शिवाय भाग नंतर दाखवतात आणि तोवर तोंड बंद ठेवायचं! केन सप्टेंबरमध्ये हरला होता, लोकांनी पाहिलं ३० नोव्हेंबरला.

जेम्स होल्झहाउअर मुद्दाम हरला असं माझा अमेरिकेतला भाचा सांगतो. शेवटच्या प्रश्नाला त्याने किरकोळ पैसे लावले म्हणे. तुमचं मत? – एक वाचक, नागपूर

भाच्याला सांगा, तो मुद्दाम हरला नाही, आणि आकडे समोर ठेवले की ते दिसतं. हे जरा सविस्तर सांगते कारण सलग जिंकण्याचं खरं गुपित इथेच आहे.

जेपर्डीत शेवटचा एक प्रश्न असतो ज्याच्यावर प्रत्येकाने आपल्या कमाईतले हवे तेवढे पैसे गुपचूप लिहून लावायचे. आता तुमची कमाई दुसऱ्याच्या दुपटीपेक्षा जास्त असेल तर त्याने सगळं लावून बरोबर उत्तर दिलं तरी तो तुम्हाला गाठू शकत नाही, याला रनअवे म्हणतात. केनचे बहुतेक सगळे विजय असे होते, शेवटच्या प्रश्नाला काही अर्थच उरायचा नाही. जेम्स लास व्हेगासचा, खेळांवर पैसे लावणं हाच त्याचा पेशा, तो बोर्डावर खालून, जिथे महाग प्रश्न असतात तिथून सुरुवात करायचा, आधी ते घेऊन पैसे साठवायचे आणि डेली डबल (बोर्डात लपलेला, ज्याला मिळेल त्यानेच पैसे लावून खेळायचा प्रश्न) मिळाला की शक्य तेवढं सगळं लावायचं. एका खेळात त्याने १,३१,१२७ डॉलर मिळवले. सरासरी धरली तर दर विजयाला जवळपास ७७ हजार, केनची ३४ हजार. म्हणजे रोज शेवटच्या प्रश्नाआधीच खेळ संपवायचा, नशिबाला दारच उघडं ठेवायचं नाही. माझ्या मते सलग जिंकणारा आणि नुसता हुशार माणूस यांच्यात फरक आहे तो एवढाच.

आता ३ जून २०१९ चा भाग. समोर शिकागोची लायब्ररियन एमा बेट्चर, जिने मास्टर्सचा प्रबंधच जेपर्डीचे प्रश्न किती अवघड असतील हे आधी ओळखता येतं का यावर लिहिला होता! शेवटच्या प्रश्नाआधी एमा २६,६००, जेम्स २३,४०० आणि तिसरा ११,०००. एमा जेम्सच्या दुपटीच्या एक डॉलर पुढे जाईल इतके लावणार हे उघड होतं, तसे तिने २०,२०१ लावलेही. म्हणजे तिचं उत्तर बरोबर आलं तर जेम्सने काहीही लावलं तरी हरणारच. तिचं चुकलं तर ती खाली कोसळणार, मग जेम्सला काळजी फक्त तिसऱ्याची, जो दुपटीने २२,००० पर्यंत जाऊ शकतो. जेम्सने लावले १,३९९. त्याचं चुकलं असतं तर उरले असते २२,००१. एक डॉलर पुढे! किती नेमकं! उत्तर तिघांचंही बरोबर आलं, नाटककार मार्लो, एमा ४६,८०१ वर आणि जेम्स २४,७९९ वर. केनचा पैशांचा रेकॉर्ड मोडायला त्याला फक्त ५८,४८४ डॉलर कमी पडले, त्याच्या हिशोबाने एका दिवसाचीसुद्धा कमाई नाही ती, तरी तो हसत हसत जाऊन एमाला टाळी देऊन आला.

केनचंही तसंच झालं होतं. तो हरला त्या दिवशी त्याचे दोन डेली डबल चुकले आणि रनअवे झालाच नाही, शेवटच्या प्रश्नाआधी तो १४,४०० आणि त्याची प्रतिस्पर्धी नॅन्सी झर्ग १०,०००. प्रश्न असा की कुठल्या कंपनीच्या ७०,००० हंगामी पांढरपेशा कर्मचाऱ्यांपैकी बहुतेक जण वर्षातले चारच महिने काम करतात? केनने लिहिलं फेडेक्स. उत्तर होतं एच अँड आर ब्लॉक, लोकांचे टॅक्स रिटर्न भरून देणारी कंपनी, तिथे एप्रिलच्या मध्यापर्यंत रिटर्न भरायचे असतात ना. नॅन्सीने ४,४०१ लावून १४,४०१ केले आणि दुसऱ्याच दिवशी ती स्वतः हरली. म्हणून म्हणते, या माणसांना हरवणं एकदा जमू शकतं, पण त्यांच्यासारखं रोज येऊन उभं राहणं वेगळंच.

माझा मुलगा आठवीत आहे, त्याला यात जायचंय. इथून जमेल का, काय वाचावं? – एक आई, छत्रपती संभाजीनगर

ताई, भाग घ्यायला अमेरिका किंवा कॅनडात राहणं लागतं, तेव्हा सध्या नाही जमणार, पण तयारीला कोण अडवतंय. जेम्सने ज्या विषयात तो कच्चा होता त्यासाठी लायब्ररीतली लहान मुलांची पुस्तकं वाचली होती, कारण त्यात चित्रं असतात, भाषा सोपी असते आणि नेमकं महत्त्वाचं तेवढंच असतं. लाज वाटून घ्यायचं काही कारण नाही, तेच करायला सांगा. आणि टीव्हीवर कुठलाही क्विझ बघताना त्याला उभं राहून, हातात टिकटिक वाजणारं पेन घेऊन खेळू द्या, प्रश्न वाचून पूर्ण व्हायच्या आत टिक केलं तर तो प्रश्न बाद.