सीओंना सांगण्याची घाई नको, लग्नाला मात्र नकार द्या

प्रिय कॅप्टन,

आपण समलिंगी आहोत हे तुम्ही युनिटमध्ये कोणालाही कळू दिलेले नाही, घरी मुली पाहणे सुरू झाले आहे, आणि कलम 377 आता राहिले नसल्याने सीओंना, म्हणजे युनिटच्या कमांडिंग ऑफिसरना, सरळ सांगून मोकळे व्हावे का, असे तुम्ही विचारले आहे.

आज सांगू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या 6 सप्टेंबर 2018 च्या निकालाने सज्ञान व्यक्तींमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा ठरत नाहीत हे खरे. परंतु संविधानाच्या अनुच्छेद 33 नुसार सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर संसद मर्यादा घालू शकते, आणि 1950 च्या आर्मी ॲक्टचे कलम 46 'अनैसर्गिक' स्वरूपाच्या लज्जास्पद वर्तनासाठी सात वर्षांपर्यंत कैद सांगते. जनरल बिपिन रावत यांनी लष्करप्रमुख असताना, जानेवारी 2019 मध्ये, सैन्यात हे चालू देणार नाही असे जाहीरच केले होते. कायद्याचा रोख वर्तनावर आहे, केवळ समलिंगी असण्यावर नाही. तरीही तुम्ही विश्वासाने बोललात की पुढचा प्रश्न 'कोणाबरोबर?' असा येऊ शकतो, आणि मग चौकशी तुमच्या फोनमधल्या संदेशांपर्यंत व त्या दुसऱ्या माणसापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. देशासाठी जीव द्यायला तयार असलेल्या माणसावर ही वेळ यावी, हे मला अत्यंत अन्यायाचे वाटते. ब्रिटनने समलिंगींवरची सैन्यातली बंदी जानेवारी 2000 मध्ये उठवली, पण ती युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या निकालानंतर, आणि तो खटला लढणाऱ्यांची नोकरी तोवर गेली होती. तुम्हालाही लढायचेच असेल, तर काहीही लेखी देण्यापूर्वी लष्करी कायदा जाणणारा वकील गाठा.

लग्नाचे मात्र वेगळे आहे. युनिटमध्ये गप्प राहून तुम्ही कोणाचे नुकसान करत नाही. लग्न केलेत, तर तुम्ही फील्ड पोस्टिंगवर असताना एक मुलगी सासरी बसून, नवरा सुट्टीवर येऊनही दूर का राहतो, याचे उत्तर स्वतःच्याच दोषांत शोधत राहील. ती निवड तिने केलेली नसेल.

ताईला थोडी कल्पना आहे, असे तुम्ही लिहिले आहे. येत्या सुट्टीत प्रथम तिच्याशी बोला, ठरलेले कार्यक्रम तिच्याकरवी थांबवा, आणि आई-वडिलांना खरे कारण केव्हा व कोणी सांगायचे, हे दोघे मिळून ठरवा.