जुन्या सेस्ना १७२ मधील रेडिओ दुरुस्त करावेत की बदलावेत?

आपण लिहिले आहे की, ओहायोमध्ये नुकत्याच घेतलेल्या १९७६ च्या सेस्ना १७२ मध्ये वर 'किंग' कंपनीचा केएक्स १७०बी रेडिओ आणि खाली सेस्नाचा मूळचा ३६० वाहिन्यांचा एआरसी रेडिओ आहे, किंगवरून बोलताना आपला आवाज विमानतळाच्या नियंत्रण टॉवरला तुटक ऐकू जातो, आणि उड्डाण बहुतेक दिवसा, दृश्य नियमांनुसारच (बाहेर नजरेने पाहून) होते. मी ॲव्हिऑनिक्स (विमानातील इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा) तंत्रज्ञ नाही. मात्र त्याच पिढीच्या एका सेस्नात माझा तिसरा हिस्सा असून, त्या विमानाच्या रेडिओंपायी आम्ही तिघांनी पैसे आणि शनिवार दोन्ही भरपूर घालवले आहेत. माझे मत असे की, एआरसी काढावा आणि किंग ठेवावा. परंतु कशावरही खर्च करण्यापूर्वी रेडिओपासून अँटेनापर्यंतची केबल तपासून घ्यावी.

आमची तक्रारही हुबेहूब हीच होती. आम्ही रेडिओ दोनदा दुरुस्तीला पाठवला, आणि दोन्ही वेळा तो 'दोष आढळला नाही' असा शेरा व तपासणीचे बिल घेऊन परत आला. अखेर मेकॅनिकने छताचे अस्तर सोडवले, तेव्हा अँटेनाच्या बुडाशी असलेल्या बीएनसी जोडणीवर हिरवा थर चढलेला दिसला. पाणी आत शिरून केबलची तांब्याची जाळी काळी पडली होती. विमान कारखान्यातून निघाले तेव्हाचीच ती आरजी-५८ केबल होती. तिच्या जागी आरजी-४०० घातली, अँटेनाखालचा पत्रा घासून स्वच्छ केला आणि अँटेना पुन्हा घट्ट बसवली, तेव्हा त्याच 'बिघडलेल्या' रेडिओवरून टॉवरला स्वच्छ आवाज जाऊ लागला. पत्रा घासणे हे किरकोळ काम नव्हे, कारण अशा अँटेनाला छताचा धातू विद्युत 'जमीन' (ग्राउंड) म्हणून वापरावा लागतो आणि मधला गंज तो संबंधच तोडतो.

आपल्या विमानात दोष कोठे आहे, याचा अंदाज पैसे न खर्चताही बराचसा बांधता येतो. ऐकू नीट येते पण आवाज जात नाही, असे असेल तर आधी हेडसेट बदलून पाहा, मग मायक्रोफोनचा जॅक आणि योकवरचे (सुकाणूवरचे) बोलण्याचे बटण पाहा. दोन्ही रेडिओंवर सारखाच त्रास असेल तर दोष बहुधा त्यांच्या सामाईक भागात, म्हणजे ऑडिओ पॅनेलमध्ये (कोणत्या रेडिओवर बोलायचे-ऐकायचे ते निवडणाऱ्या संचात), जॅकमध्ये किंवा वीजपुरवठ्यात असतो. एकाच रेडिओवर असेल तर मेकॅनिककडून दोन्ही अँटेना केबल्सची अदलाबदल करून घ्यावी. दोष केबलबरोबर दुसऱ्या रेडिओवर गेला, तर किंग निर्दोष आहे. ठरावीक फ्रिक्वेन्सींवरच आवाज तुटत असेल आणि फ्रिक्वेन्सी निवडण्याची खुंटी थोडी मागेपुढे केल्यावर सुधारत असेल, तर मात्र दोष किंगच्याच आतल्या यांत्रिक निवड-स्विचांच्या संपर्कांत असण्याची शक्यता अधिक.

एआरसीबाबत मी एवढी चिकित्सा करणार नाही. ३६० वाहिन्यांच्या रेडिओत दोन वाहिन्यांमध्ये ५० किलोहर्ट्झचे अंतर असते, त्यामुळे १२४.९२५ मेगाहर्ट्झसारखी फ्रिक्वेन्सी त्यावर लावताच येत नाही. शिवाय १ जानेवारी १९९७ पासून अमेरिकेत विमानातील प्रक्षेपकाची फ्रिक्वेन्सी ०.००३ टक्क्यांच्या आत असावी लागते, आणि त्या काळातील अनेक संच या मर्यादेत बसत नाहीत. अशा रेडिओवरून नुसते ऐकावे, बोलू नये. त्याच्या दुरुस्तीवर खर्च करणे मला पटत नाही. (आपण युरोपात असता तर किंगही गेला असता; तेथे ८.३३ किलोहर्ट्झचे अंतर लागू आहे.)

किंगचे तसे नाही. तो ७२० वाहिन्यांचा आहे, त्याची रचना जाणणारे तंत्रज्ञ अजून मिळतात आणि मोडीत निघालेल्या संचांतून सुटे भागही मिळतात. संपर्क साफ करणे, वाळलेले कपॅसिटर बदलणे आणि ट्यूनिंग जुळवणे एवढ्यावर तो बऱ्याचदा पुन्हा उभा राहतो. दुरुस्तीचा अंदाज तपासून दिलेल्या वापरलेल्या केएक्स १७०बीच्या किमतीपुढे जाऊ लागला, की थांबावे. स्वस्तात मिळतो म्हणून किंगचाच नंतरचा केएक्स १५५ घेण्याचा मोह झाला, तर दोन गोष्टी पाहा. त्याचे नारिंगी अंक मंदावले असतील तर तो पडदा बदलणे महागात पडते. आणि तो १४ व्होल्टचाच असल्याची खात्री करा, कारण सेस्ना १७२ ला २८ व्होल्टची यंत्रणा १९७८ च्या मॉडेलपासून आली आणि आपले विमान त्याआधीचे आहे.

एआरसीच्या जागी काय घ्यावे, हे आपण पुढे उपकरण उड्डाणाचे (बाहेर न दिसताही केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याचे) रेटिंग घेणार की नाही यावर अवलंबून आहे. घेणार नसाल तर गार्मिन जीटीआर २२५ किंवा ट्रिग टीवाय९६ असा केवळ बोलण्याचा रेडिओ पुरतो. घेणार असाल तर व्हीओआर (दिशा दाखवणारी रेडिओ यंत्रणा) आणि आयएलएस (धावपट्टीवर उतरताना मार्ग दाखवणारी यंत्रणा) असलेला जीएनसी २५५ सारखा संच पाहावा. मात्र या यंत्रणांचे संकेत सुईने दाखवणारा आपला जुना दर्शक त्याच्याशी जुळतो का, हे रेडिओ बसवणाऱ्या दुकानाला आधीच लेखी विचारा. जुन्या विमानात खरा खर्च नव्या वायरिंगच्या मजुरीचा असतो. म्हणूनच पॅनेल एकदा उघडले की किंगची जुनी केबल, जॅक आणि बोलण्याचे बटणही त्याच वेळी बदलून घ्यावे. वजन व संतुलनाची नोंद आणि उपकरणांची यादी नव्याने लिहून मिळेपर्यंत काम पूर्ण झाले असे समजू नये.

ट्रेमधून पुढच्या बाजूने निघणारा रेडिओ काढून पुन्हा बसवणे हे काम, वैमानिक परवाना असलेल्या मालकाला अमेरिकी विमान नियमांतील भाग ४३ च्या परिशिष्ट अ नुसार स्वतः करता येते. त्यानंतर चाचणी घ्यावी लागते आणि लॉगबुकात नोंद करावी लागते. ट्रान्सपॉन्डरला (रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या संचाला) ही सवलत नाही. रेडिओ बाहेर काढलाच आहे, तर मागच्या पिना काळवंडल्या आहेत का तेही पाहा. तो नुसता काढून घट्ट बसवल्यानेही कधीकधी तुटक आवाज थांबतो. आणि दुकानात विमान आठवडाभर उभे राहणार असेल, तर बाहेरची अँटेना जोडता येईल असा एक जॅक पॅनेलवर बसवून घ्या, म्हणजे पिशवीतला हँडहेल्ड (हातात धरायचा) रेडिओ संच वेळप्रसंगी छतावरच्या अँटेनावरून बोलू शकेल.