सोलरची गरम पाण्याची पाइप घरीच बदलली, आता नळाला गारच पाणी येतंय. काय बिघडलं असेल?

गच्चीवर सोलरच्या टाकीतून निघणारी पाइप चटका देते आणि बाथरूममध्ये गार, असंच ना? मग सोलर ठीक आहे, जोडणी बघा. सोलरला गार पाणी देणारा कॉक बंद करून खाली गरम नळ सोडा. पाइपातलं उरलेलं पाणी गेल्यावरही धार चालूच राहिली, तर कुठल्यातरी मिक्सरमधून (गरम-गार पाणी एकत्र करणाऱ्या नळातून) गार पाणी गरम लाइनीत घुसतंय. आमच्याकडे विश्रामबागेत हँडशॉवर हातातल्या बटणावर बंद करायचे, मिक्सरचे दोन्ही नळ उघडेच! तोच चोर निघाला.

धार थांबली, पण कॉक उघडल्यावर गरम नळ नुसता फुसफुसतोय? हवा अडकलीय. नवी पाइप मध्येच कमानीसारखी वर गेली असेल, तर उताराला घ्या. व्हेंट पाइपला (सोलरच्या टाकीतली हवा-वाफ बाहेर सोडणाऱ्या उघड्या पाइपला) बूच मात्र मारू नका.