रोमन दिवे, जुन्या अंगठ्या आणि लेकीच्या शिक्षणाचे बारा हजार पौंड

रेडिंगहून एका वाचकांचं चार पानी पत्र आलंय. वय ३९, नोकरी आयटीत, पत्नी नर्स, मुलगी नऊ वर्षांची. घराच्या कर्जाचा ठरावीक व्याजदर पुढच्या वर्षी संपतोय. घरखर्च महिन्याला तीन हजार पौंडांच्या आसपास आणि बँकेत शिल्लक ३२,००० पौंड. त्यातले १२,००० पौंड लंडनच्या लिलावांतून छोट्या रोमन वस्तू घेण्यात घालायचा त्यांचा विचार आहे. मातीचे दिवे, ब्राँझच्या कपडेपिना, कोरीव खड्यांच्या अंगठ्या, काचेच्या अत्तरकुप्या अशा चारपाचशे पौंडांच्या पंचवीसेक वस्तू घ्यायच्या, नऊदहा वर्षांनी विकायच्या आणि तो पैसा लेकीच्या शिक्षणाला लावायचा. तीन वस्तू घेऊनही झाल्यात. "बालपण कोल्हापुरात गेलं. टाउन हॉलच्या म्युझियममध्ये ब्रह्मपुरीला सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची मूर्ती बघायला मी शाळेतून कितीदा गेलो असेन. दोन हजार वर्षांपूर्वी रोमचा माल आपल्या पंचगंगेकाठी आला होता, हे डोक्यातून जातच नाही," असं ते लिहितात.

दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. ही आवड फार सुंदर आहे आणि ती सोडा असं मी मुळीच सांगणार नाही. पण हे बारा हजार त्यात घालू नका. हौस पगारातून करा, लेकीच्या पैशातून नको.

आधी हिशेब मांडू, कारण लिलावात खरी गोम तिथेच असते. समजा एका दिव्यावर तुमची बोली ४०० पौंडांना लागली. त्यावर लिलावगृहाचा बायर्स प्रीमियम, म्हणजे खरेदीदाराकडून वरून घेतलं जाणारं शुल्क, २५ टक्के धरला तर १०० पौंड, आणि त्या प्रीमियमवर २० टक्के व्हॅट, म्हणजे आणखी २०. तुम्ही घरी बसून एखाद्या ऑनलाइन मंचावरून बोली लावता. त्या मंचाचे साधारण पाच टक्के आणि त्यावरचा व्हॅट मिळून २४. पॅकिंग, टपाल, विमा यांचे २०. चारशेचा दिवा ५६४ पौंडांना पडला.

आता तोच दिवा दुसऱ्या दिवशी विकायला काढा आणि पुन्हा ४०० लाच जाऊ द्या. विक्रेत्याचं कमिशन १५ टक्के म्हणजे ६० आणि त्यावर १२ पौंड व्हॅट. हातात येतात ३२८. दिवा फुटला नाही, बाजार पडला नाही, तरी २३६ पौंड गेले. नुसते घातलेले ५६४ सुटायचे तर बोली ६८८ पर्यंत जायला हवी. बोलीचे भाव दरवर्षी सलग पाच टक्क्यांनी वाढले असं धरलं तरी त्याला अकरा वर्षं लागतात. म्हणजे तुमची लेक वीस वर्षांची होईल तेव्हा तुम्ही जिथे होतात तिथे परत याल. तेवढ्याच वर्षांत तेवढ्याच दराने वाढलेले ५६४ पौंड साध्या इंडेक्स फंडात (बाजाराच्या निर्देशांकाबरोबर वरखाली होणाऱ्या फंडात) ९६० च्या वर गेलेले असतात. फंड पाच टक्के देईलच अशी हमी मी देत नाही. पण त्यात शिरताना आणि बाहेर पडताना कोणी एवढे पैसे कापत नाही.

कंब्रियातल्या क्रॉस्बी गॅरेटच्या रोमन शिरस्त्राणाचा दाखला तुम्ही दिलाय. २०१० मध्ये क्रिस्टीज या लिलावगृहाने त्याचा अंदाज दोन ते तीन लाख पौंड दिला होता आणि ते प्रीमियमसकट सुमारे २३ लाखांना गेलं, हे खरं आहे. पण ते पैसे कोणाला मिळाले ते बघा. मेटल डिटेक्टर घेऊन रानात फिरताना ज्याला ते सापडलं, त्याच्या बाजूला मिळाले. लिलावातून घेऊन लिलावातच विकणाऱ्या संग्राहकाची ती गोष्ट नाही, आणि तुमचा मार्ग नेमका तो आहे.

आता कागदांबद्दल. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण तुमच्या पत्रात याबद्दल एकच ओळ आहे.

पुरातन वस्तूच्या किमतीतला मोठा भाग तिच्या कागदात असतो. सांस्कृतिक वस्तूंचा चोरटा व्यापार रोखण्यासाठीचा युनेस्कोचा करार १९७० चा. तेव्हापासून मोठी संग्रहालयं आणि जबाबदार खरेदीदार एकच विचारतात, की ही वस्तू त्याआधीच तिच्या देशाबाहेर आल्याचा पुरावा काय? इटलीत जमिनीखाली जे सापडेल ते कित्येक दशकांपासून सरकारचं असतं. सीरियातून बेकायदा बाहेर आलेल्या वस्तूंच्या व्यापारावर २०१५ च्या सुरक्षा परिषदेच्या ठरावाने बंदी आहे. इंग्लंडमध्ये २००३ चा कायदा आहे, चोरून उकरलेली वस्तू जाणूनबुजून विकणं हा गुन्हा आहे.

तुम्ही घेतलेल्या काचेच्या कुपीच्या कॅटलॉगमध्ये काय लिहिलंय? "प्रॉपर्टी ऑफ अ लंडन जेंटलमन, १९९० च्या दशकात यूके आर्ट मार्केटमधून घेतलेली." एवढंच. त्याआधीची दोन हजार वर्षं कोरी. फुंकून केलेली काच पहिल्यांदा सीरिया-पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावर बनू लागली आणि अशा कुप्या तिकडच्या थडग्यांत ढिगाने सापडतात. म्हणून त्या स्वस्त, आणि म्हणूनच त्यांचाच माग काढणं सगळ्यात कठीण. नवशिक्यांची पहिली खरेदी बहुतेकदा अशी कुपीच असते. चोरीच्या वस्तूंच्या नोंदवहीत, म्हणजे आर्ट लॉस रजिस्टरमध्ये, ती सापडली नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. रात्रीतून उकरलेल्या कुपीचा फोटोच कोणी काढलेला नसतो, नोंद कुठून असणार? त्यात २८ जून २०२५ पासून युरोपियन युनियनने बाहेरून येणाऱ्या २५० वर्षांहून जुन्या पुरातत्त्वीय वस्तूंना आयात परवाना सक्तीचा केलाय. कागद नसलेली कुपी उद्या जर्मनीतल्या गिऱ्हाईकाला विकायची म्हटली तर तिथेच घोडं अडणार.

अंगठ्यांच्या कोरीव खड्यांबद्दल तर ब्रिटिश म्युझियमचं उदाहरण ताजं आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांनी जाहीर केलं की आतल्या वस्तू चोरीला गेल्यात. गहाळ आणि मोडतोड झालेल्या मिळून सुमारे दोन हजार. त्यांत बरेच छोटे कोरीव खडे आणि दागिने होते, अनेकांची धड नोंदही झालेली नव्हती, आणि काही ईबेवर विकले गेले. डेन्मार्कच्या एका व्यापाऱ्याने २०२१ मध्येच इशारा दिला होता, तो तेव्हा कोणी मनावर घेतला नाही. त्याने स्वतः रीतसर पैसे मोजून घेतलेले खडे परत केले. या धंद्यात मुरलेल्या जाणकारावर ही वेळ येते, तर आपल्यासारख्याने बिनकागदाचा खडा घेताना दहादा थांबावं.

माझ्या कामातला एक प्रसंग सांगते. एका अशिलाचे यजमान अचानक गेले. त्या काकूंनी माझ्यासमोर बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला. कापसात गुंडाळलेल्या तीसेक वस्तू, प्रत्येकीला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी आणि चिठ्ठ्यांवरची शाई उडालेली. ब्राँझच्या दोन पिनांवर फिकट हिरवी पूड धरली होती. दमट जागी ठेवलं की हा रोग लागतो आणि धातू आतून खात जातो. पावत्या एकीच्याही नव्हत्या. ज्या लिलावगृहातून त्यातल्या बऱ्याच वस्तू आल्या होत्या, त्यांनीच कागद नाहीत म्हणून परत घ्यायला नकार दिला. काकूंना त्या डब्याचे शेवटी जे मिळाले, त्यात अंत्यविधीचा खर्चही निघाला नाही. नवऱ्याने त्यासाठी किती पदरमोड केली होती हे त्यांना माहीत होतं. मला अजून त्यांचा चेहरा आठवतो. तुमच्या पत्नीला या वस्तूंतलं काय कळतं, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही.

कराचा मुद्दा तुम्ही बरोबर मांडलाय, सहा हजार पौंडांपर्यंत विकलेल्या अशा वस्तूवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. पण त्या वस्तूवर तोटा झाला तर तोही दुसऱ्या नफ्यातून वळता करता येत नाही. वारंवार घ्या-विका केलीत तर एचएमआरसी, म्हणजे ब्रिटनचं कर खातं, त्याला धंदा म्हणू शकतं. आणि आयसातल्या (ब्रिटनच्या करमुक्त बचत खात्यातल्या) नफ्यालाही कर नाहीच, मग इथे जास्तीचं काय मिळालं?

"दहा वर्षांनी कोल्हापूरला परतलो तर सगळं सोबत नेईन," असंही तुम्ही लिहिलंय. इंग्लंडच्या मातीत सापडलेली वस्तू देशाबाहेर न्यायला तिची किंमत कितीही असो, निर्यात परवाना लागतो. आणि भारताच्या १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. कायद्याची व्याख्या वस्तू कुठे घडली हे विचारत नाही. एकदा नेलीत की परत आणून लंडनला विकण्याचा मार्ग बंद, आणि तिकडे रोमन दिव्याला गिऱ्हाईक शोधत बसावं लागेल.

मग ३२,००० चं काय करावं? सहा महिन्यांचा खर्च, १८,००० पौंड, लगेच काढता येतील असे ठेवा. त्याला हात लावू नका. उरलेल्या १४,००० पैकी ६,००० पौंड व्याजदर बदलेपर्यंत बाजूला ठेवा. हप्ता वाढला तर आधाराला येतील, नाही तर कर्जात भरा. ८,००० पौंड तुमच्या स्वतःच्या स्टॉक्स अँड शेअर्स आयसामध्ये, जगभरच्या शेअरांच्या स्वस्त इंडेक्स फंडात, लेकीच्या नावाने मनात वेगळे धरून. ज्युनिअर आयसा, म्हणजे मुलांच्या नावाचं खातं, मी मुद्दाम सुचवत नाही. त्यातला पैसा अठराव्या वर्षी सर्वस्वी तिचा होतो, आणि तुम्हाला तो शिक्षणालाच जायला हवाय. ती सोळा-सतरा वर्षांची झाली की हळूहळू शेअरांतून काढून रोख करत जा.

हौसेसाठी महिन्याला शंभर पौंड, पगारातून. वर्षाच्या बाराशेत पाचसहा किरकोळ वस्तू घेण्यापेक्षा एक-दोन चांगल्या घ्या. माझं ऐकाल तर इंग्लंडच्या शेतांत सापडलेल्या ब्राँझच्या कपडेपिनांपासून सुरुवात करा. पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीममध्ये, म्हणजे लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंच्या नोंदणी योजनेत, ज्यांची रीतसर नोंद झालीय, त्यांना क्रमांक असतो, सापडल्याचं ठिकाण असतं, आणि जमीनमालकाची संमती होती का हेही विचारता येतं. दिसायला साध्या, पण मालकी स्वच्छ. प्रत्येक वस्तूची पावती, कॅटलॉगचं पान आणि फोटो एका फायलीत ठेवा आणि ती फाइल कुठे आहे हे पत्नीला दाखवून ठेवा. घराच्या विमा पॉलिसीत एका वस्तूसाठी किती मर्यादा आहे तेही बघून घ्या.

तुमच्या दिव्याचा फोटो मात्र मी पुन्हा पुन्हा पाहिला. तळहाताएवढा, विटकरी, वातीच्या तोंडाशी काजळी आणि तळाला 'फोर्टिस' ही ठसठशीत अक्षरं. उत्तर इटलीतल्या या कारखान्याचा शिक्का रोमन काळातच साम्राज्यभर उचलला गेला. तयार दिव्यावरूनच साचा काढत, म्हणून प्रत्येक नकल मूळ दिव्याहून जराशी लहान निघे. तुमचा कोणत्या पिढीतला आहे ते एखाद्या जाणकाराला मोजून सांगायला लावा. हा दिवा विकू नका. लेकीला हातात देऊन कोल्हापूरच्या पोसायडनची गोष्ट सांगा.

राहिला प्रश्न पुढच्या महिन्यातल्या लिलावाचा, ज्यातल्या अंगठीवर तुमचा जीव जडलाय. बोली लावण्याआधी लिलावगृहाला ईमेल करा: मालकीचा सगळ्यात जुना कागद कोणत्या वर्षाचा आहे आणि त्याची प्रत मिळेल का? 'कुटुंबाकडून ऐकीव माहिती' असं उत्तर आलं तर सोडून द्या. १९७० च्या आधीची पावती, पत्र किंवा जुनं कॅटलॉग दाखवलं, तर ३०० पौंडांपर्यंत बोली लावा. सगळं धरून ती चारशेच्या थोडी वर पडेल, म्हणजे तुमच्या हौसेचे चार महिने.