वाचक विचारतात : उडालेला सीएफएल, नवा एलईडी

प्रश्न : घरात उडालेले सात-आठ सीएफएल पडून आहेत. त्यांत एलईडी बसवून दिवे करता येतील का? काय काय लागेल आणि उजेड कितपत पडेल?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : करता येतील, पण तीन-साडेतीन वॉटपर्यंतच. जिना, गॅलरी, माळा यांना तेवढा उजेड पुरतो. पंधरा वॉटच्या सीएफएलची बरोबरी करायला साधारण नऊ वॉटचा एलईडी लागतो आणि तो या कवचात टिकत नाही. एलईडीला दिलेल्या विजेचा सुमारे दोन तृतीयांश भाग उष्णताच होतो. तयार बल्बमध्ये ती बाहेर काढायला प्लॅस्टिकच्या आत ॲल्युमिनियमची वाटी असते. सीएफएलचे कवच नुसते प्लॅस्टिकचे. खोलीभर उजेड हवा असेल, तर शंभर रुपयांच्या आतबाहेर मिळणारा तयार बल्ब आणा, खटाटोप करू नका.

आधी सीएफएल उघडणे. काच कधीही पकडायची नाही. नळी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवी गळ्याशी बांधा, खालचे प्लॅस्टिक हातात धरा आणि दोन भागांच्या फटीत चपटा स्क्रू ड्रायव्हर घालून थोडा थोडा फिरवत जा. आतल्या खाचा एकेक करून सुटतात. नळीच्या चार तारा बोर्डावरच्या चार पिनांना गुंडाळलेल्या असतात, बहुधा डाग (सोल्डर) दिलेला नसतो; त्या उलगडा. नळी आपल्या प्लॅस्टिकसकट अखंड बाजूला ठेवा. टोपीकडे (होल्डरमध्ये बसणाऱ्या धातूच्या भागाकडे) जाणाऱ्या दोन तारा मात्र शक्य तितक्या लांब ठेवून कापा.

जुन्या बोर्डावरून दोन गोष्टी घ्यायच्या : १एन४००७ हे चार डायोड आणि ४०० व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. डायोड मल्टिमीटरवर एका बाजूने ०.५ ते ०.७ दाखवतो, उलट बाजूने काहीच नाही. दोन्हीकडून शून्य आले तर तो शॉर्ट आहे. कपॅसिटर डोक्यावर फुगलेला असेल तर फेकून द्या. मोजून ३ मायक्रोफॅरडच्या खाली भरला तरीही नवा घ्या : ४.७ मायक्रोफॅरड, ४०० व्होल्ट.

नवे साहित्य पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत एका फेरीत मिळते : १ मायक्रोफॅरडचा एक्स-२ जातीचा (घरच्या विजेवर थेट जोडण्यासाठी बनवलेला), २७५ व्होल्ट एसीचा कपॅसिटर (त्यावर १०५ असा आकडा असतो); १०० ओहम, २ वॉटचा फ्यूजिबल (शॉर्ट झाल्यास फ्यूजसारखा तुटणारा) रेझिस्टन्स; ४७० किलोओहमचे दोन पाव वॉटचे रेझिस्टन्स; अर्ध्या वॉटचे २८३५ (२.८ × ३.५ मिमी मापाचे) एलईडी २० नग आणि ते बसतील अशी, कवचाच्या तोंडाच्या मापाची गोल ॲल्युमिनियम प्लेट. प्लेटवर एलईडी आधीच बसवलेले असतील, तर सगळे एकाच माळेत आहेत ना आणि एकूण व्होल्टेज साठच्या आसपास आहे ना, हे विचारून घ्या.

जोडणी अशी : आधी चार डायोड जोडून ब्रिज (एसीचा डीसी करणारा चौकोन) करा. टोपीची एक तार १०० ओहममधून एक्स-२ कपॅसिटरला, तिथून ब्रिजच्या एका एसी टोकाला. टोपीची दुसरी तार थेट ब्रिजच्या दुसऱ्या एसी टोकाला. ४७० किलोओहमचे दोन्ही रेझिस्टन्स एकामागे एक जोडून एक्स-२ कपॅसिटरच्या दोन पायांवर. एकच १ मेगओहम का नाही? पाव वॉटच्या साध्या रेझिस्टन्सची सहनशक्ती सहसा २५० व्होल्टपर्यंतच असते आणि इथे घरच्या २३० व्होल्ट एसीचे शिखर ३२५ व्होल्टचे. हे दोन रेझिस्टन्स गाळले तर बल्ब काढताना टोपीच्या टोकांना बोट लागले की झटका बसतो. ब्रिजच्या अधिक-उण्यावर इलेक्ट्रोलिटिक, त्याच्याच दोन टोकांवर एलईडीची माळ.

करंटचा हिशोब सोपा आहे. ३२५ मधून माळेचे व्होल्टेज वजा करा, त्याला कपॅसिटरच्या मायक्रोफॅरडने आणि मग ०.२ ने गुणा. उत्तर मिलीअँपिअरमध्ये येते. १ मायक्रोफॅरड आणि ६० व्होल्टला ५३ मिलीअँपिअर, म्हणजे एलईडीला सुमारे ३.२ वॉट. अर्ध्या वॉटच्या एलईडीची क्षमता १५० मिलीअँपिअरची, त्यामुळे तो एक तृतीयांश भारावर थंड चालतो. ०.४७ (आकडा ४७४) घेतला तर २५ मिलीअँपिअर, दीड वॉट. रात्रभर लावून ठेवायच्या दिव्याला हेच बरे.

इलेक्ट्रोलिटिक ४०० व्होल्टचाच हवा. साठ व्होल्टच्या माळेला शंभरचा पुरेल असे वाटते आणि दिवा लागतोही. पण एखादा एलईडी उडून माळ तुटली की त्या कपॅसिटरवर पूर्ण ३२५ व्होल्ट येतात आणि तो फुटतो.

पहिल्यांदा दिवा सिरीज बोर्डवर लावा, ४० किंवा ६० वॉटचा तारेचा बल्ब मध्ये घेऊन. तारेचा बल्ब भगभगीत पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे. दोन्ही दिवे बंद राहिले तर माळ तुटलेली असण्याची शक्यता मोठी, आणि मग इलेक्ट्रोलिटिक भरलेला असतो. प्लग काढा, १० किलोओहम, २ वॉटचा रेझिस्टन्स पक्कडीने त्याच्या पायांवर काही सेकंद टेकवा, मीटरने शून्य बघा, मगच हात घाला.

हे सर्किट मेनपासून (घरच्या विजेपासून) वेगळे नसते. एक एलईडी तीन व्होल्टचा असला, तरी चालू दिव्यात त्याच्या डागाला बोट लागणे म्हणजे उघड्या फेजला हात लावणेच. ॲल्युमिनियम प्लेटही चालू तारच समजा. म्हणून वर झाकण हवेच. उडालेल्या एलईडी बल्बचा पांढरा घुमट सिलिकॉनने चिकटवला की काम होते. बाथरूममध्ये आणि पावसाची झड येते तिथे हा दिवा लावू नये.

प्रश्न : सीएफएलचे सर्किट चांगले आहे, फक्त नळी गेली आहे. नळीच्या जागी सरळ एलईडीची माळ जोडली तर?
– एक वाचक, धायरी

उत्तर : नको. त्या सर्किटमधून कित्येक हजार हर्ट्झचा एसी निघतो आणि त्याची घडण नळीसाठी केलेली असते : आधी नळी पेटवायला काहीशे व्होल्ट, मग करंटला लगाम. नळीचे फिलामेंटही त्याच वाटेत असतात, त्यामुळे नळी काढली की बहुधा सर्किट सुरूच होत नाही. जुगाड करून सुरू केले, तर एलईडीला किती करंट जाईल यावर ताबा नसतो. तेवढ्या मेहनतीत तयार एलईडी ड्रायव्हर (एलईडीला ठरलेला करंट देणारे सर्किट) बसतो.

प्रश्न : वाड्याच्या जिन्यात असेच चार दिवे लावले. आठ महिन्यांत दोन अगदी मंद झाले, एलईडी मात्र जळलेले दिसत नाहीत. शिवाय मोबाइलने फोटो काढला की पट्टे दिसतात.
– एक वाचक, कसबा पेठ

उत्तर : एलईडी ठीक असणार, टोपीच्या तारेत जोडलेला (एक्स-२च्या जागेचा) कपॅसिटर मोजा. १ चा ०.४ भरला, तर चोर सापडला. या कपॅसिटरच्या आतला धातूचा मुलामा अतिशय पातळ असतो. व्होल्टेजचा झटका आला की कमकुवत ठिकाणी तो जळून तेवढी जागा सुटी पडते; कपॅसिटर वाचतो, पण मायक्रोफॅरड घटत जातात, आणि त्याच प्रमाणात करंटही. स्वस्तातल्या ४०० व्होल्ट डीसीच्या कपॅसिटरला ३२५ व्होल्ट रोज सोसणे जड जाते, दमट जिन्यात आणखी जड. बदलताना एक्स-२ किंवा ६३० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन घ्या. त्या जागी इलेक्ट्रोलिटिक चालत नाही, फुटतो.

पट्टे म्हणजे सेकंदाला शंभर वेळा होणारी प्रकाशाची चढउतार. ५३ मिलीअँपिअर सपाट करायला ४.७ मायक्रोफॅरड फारच तुटपुंजे. जिन्यात काही बिघडत नाही. वाचायच्या टेबलावर मात्र असा दिवा ठेवू नका, डोळे शिणतात.

प्रश्न : उघडताना नळी फुटली तर काय करायचे? आणि अखंड नळ्या कुठे टाकायच्या?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : नळीत काही मिलीग्रॅम पारा असतो. फुटली तर पंखा बंद करा, खिडक्या उघडा, मुलांना बाहेर काढा आणि दहा-पंधरा मिनिटे खोलीत जाऊ नका. नंतर हातमोजे घालून जाड पुठ्ठ्याने काचा गोळा करा, बारीक पूड चिकटपट्टीने उचला, शेवटी ओला कागद फिरवा. हे सगळे झाकणाच्या बरणीत भरून बरणी घराबाहेर ठेवा. झाडू आणि व्हॅक्यूम क्लीनर वर्ज्य. त्यांनी पारा घरभर उडतो. पाऱ्याचे दिवे २०१६च्या नियमांपासून ई-कचऱ्यात धरले जातात. फुटक्या-अखंड सगळ्या नळ्या सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा गोळा करणाऱ्यांना ‘यात पारा आहे’ असे सांगून द्या. अखंड नळी कागदात गुंडाळलेली बरी.

प्रश्न : बटण बंद केले तरी दिवा रात्री मिणमिणत राहतो.
– एक वाचक, वडगाव बुद्रुक

उत्तर : बटणात लाल इंडिकेटर आहे का बघा. असेल तर त्यातून झिरपणारा बारीक करंट एलईडीला पुरतो. इंडिकेटर नसलेले बटण बसवा. इंडिकेटर नसेल, तर बटण बहुधा फेजऐवजी न्यूट्रलवर आहे. बटण बंद ठेवून होल्डरच्या दोन्ही पिनांना टेस्टर लावा; एखाद्या पिनेवर तो पेटला तर वायरमनकडून फेज बटणावर घेऊन मगच बल्बला हात लावा.