दहा-अकरा वर्षं जुना लॅपटॉप: रॅम वाढवू की नवाच घेऊ?

तुमचा लॅपटॉप २०१४चा, इंटेलचा चौथ्या पिढीचा आय३, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, वर विंडोज १०. चालू व्हायला सहा-सात मिनिटं घेतो, व्हिडिओ लावला की पंखा भणभणतो, बॅटरी अर्ध्या तासात मान टाकते. काम काय, तर मराठी टायपिंग, ब्राउझर आणि अधूनमधून व्हिडिओ कॉल. रॅम ८ जीबी केली तर भागेल का, की नवाच घ्यावा, असं तुम्ही विचारलंय.

जुन्यावर भागेल. पण रॅमच्या आधी हार्ड डिस्क बदला, तिच्या जागी एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा साठवणारी डिस्क, बसवा.

एवढं ठामपणे सांगतेय, कारण मी हे उलट्या क्रमाने करून बसले आहे. माझा जुना लॅपटॉप रखडायला लागला तेव्हा मीही रॅमच आणली. बसवली, मोठ्या आशेने चालू केला, तर तीच कासवाची चाल. दोन दिवसांनी सहज सिस्टिमची माहिती उघडली तर तिथे लिहिलेलं: रॅम ८ जीबी, त्यातली वापरता येण्याजोगी ३ जीबीच्या आसपास. विंडोज ३२ बिटची होती, आणि तिची झेप ४ जीबीच्या पुढे जात नाही. मग ६४ बिटची टाकली, सगळी रॅम दिसायला लागली, पण चालू व्हायला लागणारा वेळ होता तेवढाच. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी. (तुमची विंडोज किती बिटची आहे तेही आजच बघून घ्या.)

आग कुठे लागली आहे हे फुकटात कळतं. लॅपटॉप चालू झाल्या झाल्या कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. डिस्कच्या रकान्यात १०० टक्के दिसत असतील आणि वेग मात्र सेकंदाला जेमतेम एक-दोन एमबी असेल, तर दुखणं डिस्कचंच. डिस्क पूर्ण गुंतलेली आणि वेग मात्र नगण्य, हे कसं? लॅपटॉपमधली नेहमीची हार्ड डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. वाचणारं डोकं आधी योग्य पट्ट्यावर न्यायचं, मग हवा तो भाग फिरत फिरत त्याच्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबायचं. एका तुकड्यामागे पंधरा मिलिसेकंद सहज जातात, म्हणजे सेकंदाला साठ-सत्तर तुकडे. विंडोज चालू होताना अशा हजारो बारीक फायली इकडून तिकडून गोळा करते. प्रोसेसर बिचारा तोवर वाट बघत बसतो. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. ती सेकंदाला असे हजारो तुकडे हातात ठेवते. माझा लॅपटॉप एसएसडीनंतर अर्ध्या मिनिटाच्या आत कामाला लागायचा, आणि तो तुमच्यापेक्षा जुना होता.

घेताना अडीच इंची साटा (तुमच्या हार्ड डिस्कच्याच जोडणीची) एसएसडी घ्या, ७ मिलिमीटर जाडीची. तुमची जुनी डिस्क ९.५ मिलिमीटरची असेल तर उरलेल्या फटीत प्लॅस्टिकची चौकट बसते. एनव्हीएमई नावाच्या, च्युइंग गमच्या पट्टीसारख्या दिसणाऱ्या एसएसडींच्या मोहात पडू नका, त्या काळच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये त्यांना जागाच नसते. डब्यावर सेकंदाला ५५० एमबी लिहिलेलं असेल. तो आकडा मोठी सलग फाइल वाचतानाचा आहे, तुम्हाला जाणवणारा फरक वर सांगितलेल्या बारीक फायलींमुळे पडतो. त्यामुळे सर्वांत वेगवान एसएसडी शोधण्यात वेळ घालवू नका. २५६ किंवा ५१२ जीबीची, बऱ्या कंपनीची, पुरे.

डिस्क बदलण्याआधी सगळा डेटा बाहेर काढा. हे वाक्य सगळेच लिहितात आणि सगळेच वाचून पुढे जातात. जुनी डिस्क मुळात रखडतेय ती मरायला टेकलीय म्हणूनही असू शकते. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये ‘रिअलोकेटेड सेक्टर्स’चा (खराब झाल्याने बदलाव्या लागलेल्या भागांचा) आकडा वाढताना दिसला, तर डिस्कची पूर्ण नक्कल काढण्याच्या भानगडीत पडू नका, फोटो आणि कागदपत्रं आधी उचला. तशीही मी नक्कल करण्यापेक्षा कोरी विंडोज टाकणंच पसंत करते. नक्कल केली की दहा वर्षांचा कचराही नव्या घरात येतो. विंडोज १० रीतसर चालू असेल तर तिचं लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं, डिस्क बदलल्याने ते जात नाही.

पण विंडोज १०च ठेवावी का, हा खरा अवघड प्रश्न आहे. तिचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेटची मुदतवाढ १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळते, त्यासाठी नाव नोंदवावं लागतं. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. तुमचा चौथ्या पिढीचा त्यात बसत नाही. अटी चुकवून ती बसवायच्या युक्त्या आहेत, पण पुढचं अपडेट येईल की नाही याची धाकधूक कायमची मागे लागते. मी त्या वाटेला गेले नाही. लिनक्स मिंट या विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या फुकट सिस्टिमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती पेन ड्राइव्हवर घेतली, काहीही न पुसता तिथूनच दोन दिवस चालवून पाहिली, वायफाय, आवाज, कॅमेरा चालतात याची खात्री झाल्यावरच बसवली. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आहेच. मात्र कामाला एखादं फक्त विंडोजवर चालणारं सॉफ्टवेअर लागत असेल, तर हा सल्ला तुमच्यासाठी नाही.

आता रॅम. एसएसडी बसवून आठवडाभर वापरा. ब्राउझरच्या दहा-बारा टॅब उघड्या असताना टास्क मॅनेजरमध्ये मेमरी सतत ८५-९० टक्क्यांवर असेल, तर मग आणा. तुमच्या बाबतीत बहुधा लागेलच. चौथ्या पिढीच्या लॅपटॉपला डीडीआर३एल, म्हणजे १.३५ व्होल्टची रॅम लागते. नुसती डीडीआर३, १.५ व्होल्टची, त्याच खाचेत बसते आणि मग स्क्रीन काळी राहू शकते. लेबलवर ‘पीसी३एल’ असं ‘एल’सकट लिहिलेलं हवं.

पंख्याचं भणभणणं म्हणजे बहुतेक धूळ. पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मधे ती नमद्यासारखी जमते, बाहेरून फुंकर मारून निघत नाही. मागचं झाकण उघडून काढावी लागते. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते भरमसाट फिरून बेअरिंगची वाट लागते. प्रोसेसरवरची, उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून पापडी झाली असेल तर तीही बदला. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचला की स्वतःच वेग कमी करतो, त्यामुळे ही साफसफाई वेगासाठीही उपयोगाची आहे. व्हिडिओच्या वेळीच त्रास होत असेल तर आणखी एक कारण: यूट्यूब हल्ली बरेच व्हिडिओ व्हीपी९ आणि एव्ही१ प्रकारात पाठवतं, आणि ते उलगडायची पूर्ण सोय तुमच्या चिपमध्ये नाही, सगळा भार प्रोसेसरवर पडतो. एच.२६४ हा जुना प्रकार मागून घेणारं एक्स्टेन्शन ब्राउझरमध्ये टाकलं की पंखा बराच शांत होतो.

लॅपटॉप सतत चार्जरवरच असेल तर बॅटरी बदलू नका. टचपॅड वर उचलला गेलेला दिसला किंवा त्याचं बटण दबेनासं झालं, तर मात्र बॅटरी फुगली आहे असं समजा आणि त्याच क्षणी वापर थांबवा. ती टोचायची नाही, दाबायची नाही, घरच्या कचऱ्यातही टाकायची नाही.

प्रोसेसर किंवा ग्राफिक्स बदलायचा विचार सोडून द्या. बिजागरी तुटलेली, स्क्रीनवर रेघा आणि मदरबोर्ड कधी चालू कधी बंद, असं तिन्ही एकदम असेल तर एसएसडीही आणू नका; चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होईल.

आणि काढलेली हार्ड डिस्क फेकू नका. तपासणीत ती धड निघाली तर यूएसबीच्या डबीत घालून बॅकअपला वापरा, फक्त एकुलती एक प्रत तिच्यावर ठेवू नका. माझी अजून चालतेय, मांजरासारखी घुरघुरत.