20 वर्षं भरत आली असताना केंद्राची नोकरी सोडावी का?

भाऊ, 18 वर्षांची केंद्राची नोकरी, नागपुरात सिव्हिल लाइन्समधलं ऑफिस, पुण्याच्या कंपनीची ऑफर, आणि तुम्ही विचारताय की पुढच्या महिन्यात राजीनामा टाकू का. माझं मत: टाकू नका. खाजगीत जायला माझा विरोध नाही. मी स्वतः तिकडेच गेलो आणि काम मनासारखं मिळालं. पण 20 वर्षं भरायला दोनच उरलीत, आणि ती सोडणं फार महागात पडेल.

राजीनामा दिला की मागची सगळी सेवा जप्त होते. ग्रॅच्युइटी गेली. शिल्लक अर्जित रजेच्या निम्म्याच दिवसांचे पैसे मिळतात, तेही जास्तीत जास्त 150 दिवसांचे. 20 वर्षं पूर्ण करून, तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेतली तर ग्रॅच्युइटी हातात येते आणि रजेचे पैसे 300 दिवसांपर्यंत मिळतात. एनपीएसचंही (राष्ट्रीय पेन्शन योजना) तसंच. राजीनाम्यानंतर रक्कम काढायला गेलात तर 80 टक्के ॲन्युइटीत, म्हणजे ठरावीक हप्त्यांनी पेन्शन देणाऱ्या विमा योजनेत जाते. खातं मात्र बंद करायची गरज नाही, तोच प्रान नंबर (एनपीएसचा कायम खाते क्रमांक) नव्या कंपनीत चालतो.

"जमलं नाही तर परत येईन" हे डोक्यातून काढा. राजीनामा मागे घ्यायची सोय पेन्शन नियमांत आहे, पण खाजगी कंपनीत जाण्यासाठी दिलेल्या राजीनाम्याला ती नाही. कोणी म्हणेल, लांब रजा टाकून कंपनीत रुजू व्हा. अजिबात नको. सरकारी नोकरांच्या आचरण नियमांत सापडाल आणि आजवर कमावलेलं सगळं पणाला लागेल.

आता पगार. ऑफर लेटर आणि पगारपत्रक शेजारी ठेवून बघा. सीटीसीत, म्हणजे कंपनी तुमच्यावर करते त्या एकूण वार्षिक खर्चाच्या आकड्यात, कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी, व्हेरिएबल पे सगळं धरलेलं असतं. इकडे सरकार तुमच्या एनपीएसमध्ये मूळ पगार अधिक डीएच्या (महागाई भत्ता) 14 टक्के टाकतं, तेही हिशेबात धरा. आत्ता सोडलंत तर क्वार्टर जाणार, सीजीएचएस (केंद्राची आरोग्य योजना) जाणार, आणि वहिनी-मुलं नागपुरातच राहिली तर दोन घरं चालवायची. नागपुरातच मिहान औद्योगिक प्रकल्पातल्या कंपन्यांत प्रयत्न केलात का? पगार थोडा कमी मिळाला तरी बिऱ्हाड हलवावं लागत नाही.

आणि पतसंस्थेचं कर्ज असेल तर नोटीस देण्याआधी फेडा. ऑफिसातल्या ज्या सहकाऱ्यांनी जामीनदार म्हणून सही केलीय, तुमचा हप्ता थकला की कपात त्यांच्या पगारातून सुरू होते.